नन्नाबाईचा उपवास

त्या घरातले सगळे मोठे निर्णय राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे उपवासकाळ लागल्यावर, आणि ईस्टरच्या आधी होत, आणि त्यात देवाचा हात फार थोडा असे. बाकीची माणसं उपवासकाळात मांस सोडत, गोड सोडत, सिगारेट सोडून चिडचिड करत फिरत. आईने 'नाही' सोडलं होतं. कुणी काही मागितलं तर चाळीस दिवस नकार द्यायचा नाही, हे तिचं व्रत. एरवी वर्षभर तिचा नन्नाचा पाढा असा चाले की घरच्या वेताच्या खुर्च्यांच्या कारखान्यातले जुने कारागीर तिला नन्नाबाई म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या बाबांची. व्रतही बाबांच्याच थट्टेतून निघालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उपवासकाळात फादरनी विचारलं, यंदा काय सोडणार? बाबा म्हणाले, "फादर, हिला 'नाही' सोडायला सांगा. ईस्टरपर्यंत टिकली तर मी मिशी उतरवीन." ईस्टरच्या सकाळी बाबा गुळगुळीत तोंडाने चर्चला गेले. पुढे दर वर्षी आई व्रत करत राहिली, आणि बाबा गेल्यावरही तिने ते सोडलं नाही.

मुलांनी ही गोम हेरायला वेळ लावला नाही. घरात कुत्रं आलं ते उपवासकाळात. थोरल्याची मोटरसायकल, मधलीचे मानेपर्यंत कापलेले केस, सगळं त्याच दिवसांतलं. मागण्या वर्षभर साठवायच्या आणि त्या बुधवारी कपाळावर लावलेली राख पुसली जायच्या आत आईसमोर उभं राहायचं. आई ओठ मिटून ऐकायची आणि "बरं" म्हणायची. हळूहळू तिने साध्या बोलण्यातूनही तो शब्द हद्दपार केला. तिला शब्दात पकडायला थोरला विचारायचा, "आई, तू पोप आहेस का?"

"अजून निवड व्हायचीय," आई म्हणायची, आणि जेवणाच्या टेबलावर हशा पिकायचा.

तो हशा थोरल्याला अजून आठवत होता. आजचा रविवार त्याने म्हणूनच निवडला होता. त्याने गाडी कारखान्याच्या दारात लावली, पण लगेच उतरला नाही.

"ईस्टरनंतर विचारलंस तर नाही चालणार?" शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, आणि माणसाला नेमकं कुठे दुखतं हे तिला हात न लावता कळायचं.

"ईस्टरनंतर ती नाही म्हणेल."

"मग तेच तिचं उत्तर असेल ना?"

"ती पडली होती, विसरलीस? ओल्या फरशीवरून घसरून. तूच म्हणालीस, नशीब म्हणून मनगटावर निभावलं. पुन्हा पडायची वाट बघायची?"

"मी पडण्याबद्दल बोलले होते. कारखाना बंद करून तिथे तुझ्या दुकानाचं सोफासेटचं गोदाम करण्याबद्दल मी काही बोलले नव्हते."

थोरल्याने गाडीची किल्ली काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आई पडल्याचं कळलं तेव्हा तो दुकान तसंच उघडं टाकून धावला होता, आणि त्याच संध्याकाळी कारखान्याची लांबीरुंदी त्याने मनातल्या मनात मोजलीही होती. आपण आईचं भलं बघतोय की आपलं, हे स्वतःला विचारायचं तो गेले कित्येक दिवस टाळत होता. "धाकटी आलीये," तो म्हणाला. "सकाळच्या बसने. तिघांनी मिळून सांगितलं तर आईला बरं वाटेल, आपण एकत्र आहोत म्हणून."

"बाबांच्या मातीला येऊन जी जेवायलासुद्धा थांबली नाही, ती तुझ्या एका फोनवर आली?"

"म्हणाली, मला काय, येईन."

"आणि तुला त्याचं काहीच वाटलं नाही," असं म्हणून नर्स गाडीतून उतरली.

आत कारखान्यात आई आणि मधली समोरासमोर बसून एकच खुर्ची विणत होत्या. चर्चच्या खुर्च्या ईस्टरआधी परत करायच्या होत्या. काहींची बैठक नुसती भोकाभोकांची चौकट होऊन भिंतीला टेकली होती, काही विणून झाल्या होत्या. टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडल्या होत्या आणि त्यांचा ओल्या गवतासारखा वास खोलीभर होता. आईची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती, पण पट्टी भोकातून वर आली की ती अजूनही न बघता ओढायची आणि ती घट्ट राहायला भोकात खुंटी ठोकून मोकळी व्हायची. मनगटावरची पट्टी तिने आज सकाळीच काढून फेकली होती.

मधलीने गाडीचा आवाज ऐकला. भाऊ कशासाठी येतोय हे तिला ठाऊक होतं. वहिनीने फोनवर सगळं सांगितलं होतं, वर म्हणाली होती, "मी त्याची बायको आहे, पण तुझीही वहिनी आहे." तेव्हापासून मधलीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आई तिलाही 'नाही' म्हणू शकत नव्हती, आणि ती तर रोज आईच्या समोर बसत होती. "आई, कारखाना माझ्याकडे दे." एवढंच म्हणायचं. आई "बरं" म्हणेल. मग थोरला आला तरी त्याला हात हलवत परत जावं लागेल, कारण दिलेला शब्द आई फिरवत नाही. लग्न न करता, सगळं तारुण्य या खोलीत खुंट्या ठोकण्यात घालवलेल्या बाईने एवढं मागितलं तर त्यात चुकलं काय? रोज सकाळी ते वाक्य तिच्या जिभेवर यायचं. रोज ती पट्ट्या भिजवण्याच्या निमित्ताने उठून जायची.

"सैल झालंय," आई म्हणाली. "उसव ते."

"चालेल की. सुकल्यावर ताणलं जाईल."

"आत्ता उसव. सुकल्यावर उसवलंस तर वेत तुटतो."

मधलीने तिरपी ओळ मुकाट्याने मोकळी केली. दारात थोरल्याची पावलं वाजत होती. अजून वेळ होता. तिने तोंड उघडलं. "आई, मला एक..."

आईने मान वर केली आणि पापण्या जरा मिटल्यासारख्या केल्या. तेवढ्यावरून मधलीला कळलं. दर उपवासकाळात, कुणीही "मला एक" असं म्हटलं की आईचा चेहरा हा असाच व्हायचा. डॉक्टर सुई घेऊन आला की होतो तसा. एवढी वर्षं आपण सगळे हसत होतो तेव्हा हिचा चेहरा असा होता, आणि आपण कुणी तो नीट बघितलाच नाही.

"एक दाभण दे," मधली म्हणाली. "माझं कुठे ठेवलं गेलंय."

आईने दाभण दिलं आणि तिचे खांदे खाली आले. मधलीला रडू फुटेल असं वाटलं, पण भाऊ आत आला होता, म्हणून तिने ते गिळलं.

धाकटी मागच्या खोलीतून आली तेव्हा कारखान्याला लागून असलेल्या घरात टेबल मांडून झालं होतं. हे घराचं शेंडेफळ. पण आता तिचे केसही कानशिलांवर पांढरे झाले होते, आणि एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळत असल्यामुळे हात लागेल ती कापडाची वस्तू ती आपोआप घडी करून ठेवायची. या घरात सगळ्यांत चांगला वेत ती विणायची. पण तिला आता ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. एका फिरत्या नाटक कंपनीच्या खुर्च्या विणायला आल्या होत्या, त्यांच्याबरोबर कंपनीचा मॅनेजर आला, आणि खुर्च्या परत गेल्या तेव्हा धाकटीही गेली. पुढे त्याने तिला एका गावी तिकीट खिडकीवर बसवलं आणि कंपनी घेऊन दुसऱ्याच गावी निघून गेला. घरी परत येणं तिला जमलं नाही. पोस्टकार्ड यायची, त्यावर तब्येत बरी आहे एवढंच असायचं.

सूप आणि पाव असं साधंच जेवण होतं. आईने प्रार्थना म्हटली. थोरल्याने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला आणि घसा साफ केला.

"आई, आम्ही तिघांनी विचार केलाय."

"दोघांनी," मधली म्हणाली.

"बरं, दोघांनी. तू माझ्याकडे राहायला ये. वरची खोली मोकळीच आहे, ऊन येतं, ही घरात असते, म्हणजे रात्रपाळी नसते तेव्हा. आता चर्चच्या एवढ्या खुर्च्या दे आणि कारखाना बंद कर. मधलीला मी दुकानात घेतो, तिची काळजी करू नकोस. ती जागा मी वापरीन, पडून राहण्यापेक्षा. तुझी हरकत नाही ना?"

प्रश्न त्याने घरून घोकून आणला होता. नर्सने चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मधलीने भावाकडे असं बघितलं की बाबा असते तर तिला दटावलं असतं.

आईच्या पापण्या पुन्हा तशा झाल्या. तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुम्हाला तसं वाटत असेल," ती म्हणाली, "तर ब..."

"थांब आई," धाकटी म्हणाली. सकाळपासून ती इतकं कमी बोलली होती की सगळ्यांनी दचकून बघितलं. "आधी माझं."

"तू माझ्या बाजूने बोलणार होतीस," थोरला म्हणाला.

"मी येईन म्हणाले होते. बोलेन कधी म्हणाले?" तिने समोरच्या रुमालाची चौकोनी घडी केली. "आई, मला काही मागायचं नाहीये. फक्त विचारायचंय. खरं सांग. मी त्या माणसाबरोबर निघाले, दारात उभी राहून तुला विचारलं, 'जाऊ ना?' तेव्हा तुला नाही म्हणायचं होतं का?"

थोरल्याला वाटलं, आता उठून बाहेर जावं. त्या वर्षी धाकटी त्याच्याकडेच आली होती, कारखान्यामागच्या नळावर. दादा, आईला कसं विचारू? आणि तो नवी मोटरसायकल पुसता पुसता म्हणाला होता, ईस्टरच्या आत विचार, म्हणजे झालं. त्याच्या लेखी ती गंमत होती. मोटरसायकल मिळवायची आणि घर सोडायची युक्ती एकच होती, आणि त्यात त्याला काही वावगं दिसलं नव्हतं. आजही तो तीच युक्ती घेऊन आला होता.

आईने टेबलाच्या कडेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "हो."

"हो म्हणजे?"

"नाही म्हणायचं होतं. तो पहिल्या दिवशी दारात उभा राहिला ना, खुर्च्या उतरवताना, तेव्हापासून."

धाकटीने घडी केलेला रुमाल उलगडला. "मला माहीत होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं. म्हणून तर तुला विचारलं मी. मला स्वतःला धीर नव्हता त्याला नकार द्यायचा. म्हटलं, आई म्हणेल. माझ्यासाठी मोडेल एवढं एक. आणि तू म्हणालीस, 'बरं. जा.'" तिचा आवाज चढला नव्हता. "मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत मागे बघत गेले, आई. कोपऱ्यावर थांबलेसुद्धा."

"मी दारातच होते."

"होतीस. हाक मारली नाहीस."

मधलीने पाण्याचा ग्लास आईकडे सरकवला. आईने तो घेतला नाही.

"देवाला दिलेला शब्द होता, असं मी फादरना सांगितलं," आई म्हणाली. "तेही म्हणाले, हेतू शुद्ध होता. त्यांना मी अर्धंच सांगितलं. उरलेलं तुम्हाला सांगते. देव वगैरे माझ्या मनात नव्हता. तुमचे बाबा पलीकडे कठड्याला टेकून उभे होते. त्यांची मिशी उतरवल्यापासून मी एकदाही हरले नव्हते. सगळ्या गावात नाव होतं, हिने 'नाही' सोडलं म्हणजे सोडलं. मला वाटलं, आज मोडलं तर हे हसतील. बस. एवढंच होतं. माझी पोर दारात उभी होती आणि मी नवऱ्याच्या हसण्याला घाबरले."

"बाबा हसले नसते," मधली हळूच म्हणाली.

"माहीत आहे. तेही वाट बघत होते मी नाही म्हणायची. नंतर सांगितलं मला. मग आम्ही दोघांनी तो विषय कायमचा टाळला." तिने मनगट चोळलं. ते अजून सुजलेलं होतं. "उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दर वर्षी तोच पाठ वाचतात. प्रभू रानात, उपाशी, आणि तो सैतान मागे लागलेला. या दगडांच्या भाकरी कर. इथून उडी टाक. माझ्या पाया पड, सगळं जग देतो. पुढच्या बाकावर बसून मी मान डोलवते. यंदा ऐकताना एकदम घाम फुटला. प्रभू तीनदा 'नाही'च म्हणाला होता. दुसरं काही केलंच नव्हतं त्याने तिथे. आणि मी बाई इतकी वर्षं नेमका तोच शब्द सोडून बसले."

मोहाला बळी पडणं म्हणजे काहीतरी खाणं, पिणं, घेणं असं या घरातल्या सगळ्यांना वाटत आलं होतं. व्रत पाळण्याचाही मोह असू शकतो, आणि त्यात आपण सगळे आईला ढकलत होतो, हे त्या टेबलावर प्रत्येकाला आपापल्या परीने उमगत होतं, आणि प्रत्येकाला आपापली मागणी आठवत होती. कुत्र्याची मागणी मधलीची होती. ते शेवटी आईलाच सांभाळावं लागलं होतं.

"मीच सांगितलं होतं तिला," थोरला एकदम म्हणाला. "ईस्टरच्या आत विचार म्हणून. मीच."

"ठाऊक आहे, दादा," धाकटी म्हणाली. "तू फोन केलास तेव्हा मला तेच आठवलं. पुन्हा ईस्टरच्या आत. म्हणून आले. म्हटलं, एकदा बघावं, ही तुला तरी 'नाही' म्हणते का." ती उठली. खुर्चीच्या पाठीला लावलेली पिशवी तिने खांद्याला अडकवली. "चला. माझी बस आहे. परत सोमवारी चादरींचा हिशेब द्यायचा असतो."

"जेवून तरी जा," नर्स म्हणाली.

"जेवले, वहिनी."

पण तिच्या ताटलीतला पाव मोडलेलासुद्धा नव्हता. थोरला उठायला लागला, तिला बसपर्यंत सोडतो म्हणाला, तिने हातानेच नको म्हटलं. दारापाशी गेल्यावर ती थांबली. ती काय बोलतेय हे तिचं तिलाही कळलं नसावं. या घरातून बाहेर पडताना तोंडातून तेच शब्द यायचे, तेव्हाही आले होते.

"आई, जाऊ ना?"

आई टेबलाला धरून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. उपवासकाळात कुणाला नकार म्हणून तो शब्द उच्चारायची तिच्या जिभेला सवयच राहिली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

मधलीने तोंडावर हात ठेवला. थोरला अर्धवट उठला होता तो तसाच राहिला. आईने त्याच्याकडे न बघताच हात केला. "आणि तुलाही नाही. कारखाना मधलीचा. तिने मागितला नाही म्हणून तिचा. सकाळपासून बघतेय मी, तिच्या जिभेवर आहे आणि ती गिळतेय."

थोरला खाली बसला. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याला लहानपणीसारखं वाटलं, आईने कान धरून घरात आणल्यासारखं. "बरं," तो म्हणाला, आणि आईचा शब्द आपल्या तोंडून निघाला याचं त्याला नवल वाटलं. नर्सने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

धाकटी मात्र उंबऱ्यातून हलली नव्हती.

"फार उशीर केलास, आई."

"हो."

"आता त्याचा काय उपयोग? तो माणूस गेला, बाबा गेले. माझं व्हायचं ते होऊन गेलं."

"हो. तरीपण नाही."

"तू आज म्हणालीस म्हणून मी राहीन असं समजू नकोस."

"समजत नाही. राहणं न राहणं तू बघ. मी म्हणायचं ते म्हणतेय."

धाकटीचा चेहरा एकाएकी लहान झाला. पिशवीचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला. "पुन्हा विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"जाऊ ना?"

"नाही."

"आई, जाऊ?"

"नाही. सांगितलं ना एकदा." हा आवाज एरवीच्या वर्षभराचा होता, कारागीर ज्याला घाबरायचे तो. मधली रडता रडता हसली.

कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. नर्सने खिडकीतून बघितलं. बस आली, थांबली, पुढे गेली. धाकटी पिशवी खांद्याला तशीच ठेवून उंबऱ्यात उभी राहून विचारत होती, आणि आई प्रत्येक वेळी नाही म्हणत होती.